नळ खर्जात उतरला

“त्या कारागिराला फासावर चढवा,” बाइंडरची मुलगी म्हणाली. “पुरावा तुम्ही शोधा.”

मास्तरीणबाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता खासगी तपास करायच्या. सोबतीला निवृत्त फौजदार.

मुलीचा बाप पुस्तकं बांधायचा. काल दुपारी कामाच्या खोलीत, पेटत्या कोळशाच्या शेगडीपाशी झोपला तो उठलाच नाही. कोळशाच्या वायूनं गुदमरला. पण शेगडीच्या डोक्यावरून सरळ छपराबाहेर जाणारा धुराचा लोखंडी नळ तर साफ होता.

“कुणीतरी तो बुजवला आणि काम झाल्यावर मोकळा केला,” फौजदार म्हणाले. “कारागीर छपरावर दिसला होता. बाइंडरनं आठवड्यापूर्वीच कामावरून हाकललेला. आणखी काय हवं?”

कारागीर उसळला. “शेजारच्या गवयांचे पत्रे ठोकत होतो! मारायचंच असतं तर समोरून मारलं असतं.”

मुलीची विधवा काकू शांत होती. आईविना पोरीला तिनंच वाढवलेलं. “पोर दुपारभर बाहेर होती, मी दारातच बसले होते. घरात चिटपाखरू आलं नाही.”

गवई मात्र वैतागलेले. “वारा सुटला की तो नळ घुमतो. काल दोनला एकदम खर्जात उतरला, तीनला पुन्हा वर! रियाजाचा विचका झाला.”

“किती उतरला?” बाईंनी चटकन विचारलं.

“बरोबर एक सप्तक. माझा कान चुकत नाही.”

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बसवलं. पुठ्ठ्याची नळी उभी धरून वरच्या कडेवर फुंकर घातली. नळी घुमली. मग खालच्या तोंडावर तळहात दाबून पुन्हा फुंकलं. सूर सप्तकभर खाली गेला.

“दोन्ही तोंडं उघडी असताना एक सूर. एक बंद केलं की सप्तकभर खालचा.”

“मग मी काय म्हणतोय? त्यानं वरून बुजवला!”

“फौजदार, वरचं तोंड बंद असतं तर वारा फुंकणार कुठून? नळ मुकाच झाला असता. तो बोलत होता, म्हणजे वरचं तोंड उघडं होतं. बुजवलं खालचं, याच खोलीतून. आणि घरात बाहेरचं चिटपाखरू आलं नव्हतं.”

सगळ्यांच्या माना काकूकडे वळल्या.

“ओलं फडकं कोंबलं,” काकू म्हणाली. आवाज जराही कापला नाही. “तुझ्या बापानं खोटी साक्ष दिली. तुझा काका कोठडीत गुदमरून मेला, गं. नऊ वर्षं मी या माणसाला जेवायला वाढलं. मला घाई नव्हती.”

“काकू, मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस.”

मुलगी उठली. काकूच्या चपला आणून तिच्या पायांशी ठेवल्या आणि फौजदारांसाठी दार उघडून धरलं.