भुंगी गुणगुणत नव्हती

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. तिखटमीठ लावून सांगणारा आमच्या घराण्यात एकच माणूस आहे, आणि तो मी नाही.

रविवार होता. संध्याकाळ. भुताच्या गोष्टीत दिवे जातात, कुत्री रडतात... आमच्याकडे तसलं काही नव्हतं. ट्यूबलाइट लख्ख चालू होती. शेजारच्यांचा टीव्ही नेहमीसारखा कोकलत होता. मी भाजी निवडत बसले होते.

आणि आमच्या दाराची कडी... आपोआप लागली.

पण थांबा. आधी माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

तिला घरात सगळे भुंगी म्हणायचो. कारण सतत भुणभुण! ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, नळ का टपकतोय, माझा कंगवा कुठे गेला. आणि दार उघडं दिसलं की संपलंच. धाडकन लावायची, कडी घालायची आणि म्हणायची, "च्च! घर आहे की धर्मशाळा?"

आमचं रोज वाजायचं. पण माझ्या अंगात जरा कणकण असली की रात्रभर उशाशी बसणारी तीच.

भुंगी कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर शिवायला होती. तिथे आग लागली. जिन्याचं दार बाहेरून बंद होतं. ती आणि तिच्या बरोबरच्या बायका आतच राहिल्या.

आम्हाला एवढंच माहीत आहे. शेवटी ती काय म्हणाली, कुणाला हाक मारली... काही कळलं नाही. कळणार कसं? कामावर शिरताना सगळ्यांचे फोन गेटवर काढून घ्यायचे. तिचा फोन आम्हाला नंतर मिळाला. धड होता. साधा ओरखडाही नव्हता त्यावर.

मग दादा यायला लागला.

दादा म्हणजे आमचा मामेभाऊ. नाटकं लिहितो, बसवतो. भुंगीला सायकल त्यानंच शिकवली होती. तो रोज यायचा, आईजवळ जमिनीवर बसायचा. "आत्या, बोल तू. मन मोकळं कर," म्हणायचा. मी त्याला चहा करून द्यायचे. मनात म्हणायचे, बघा, सख्खा भाऊ असता तरी एवढं केलं नसतं. आई दोन घास जेवायला लागली होती.

भुंगीचा कामावरचा एक जादा निळा कोट घरी राहिला होता. दादानं तो आठवण म्हणून मागितला. आईनं तो धुऊन, इस्त्री करून दिला.

मग एक दिवस तो पास घेऊन आला. त्याच्या नव्या नाटकाचे.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पडदा उघडला...

स्टेजवर एक मुलगी उभी होती. भुंगीचा कोट घालून.

भुंगीचाच. खिशाला मी घातलेले वेडेवाकडे टाके मला खालून दिसत होते.

ती मुलगी गाणं गुणगुणत होती. स्टेजवरची आई लोकांना म्हणाली, "ही सारखी गुणगुणते ना, म्हणून ही भुंगी." लोकांनी हळहळून च्‌च्‌ केलं. पोरीचा आवाज मधासारखा. कुणावर ओरडणं नाही, कंगव्यावरून भांडण नाही. शेवटी धूर सोडला, लाल दिवे लागले. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "आई, दार उघडं ठेव. मी येतेय."

सगळं थिएटर रडत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

प्रयोग संपल्यावर स्टेजमागे जाऊन मी दादाला गाठलं.

"दादा, फोन गेटवर असायचा. हे आईनंच सांगितलंय ना तुला?"

"अगं, नाटकात तेवढी सूट घ्यावी लागते."

"आणि भुंगी गुणगुणायची? तिला आयुष्यात एक सूर लागला नाही!"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "मग काय किरकिरी दाखवू? किरकिऱ्या मुलीसाठी कोण रडतं?"

मी रडते, असं म्हणायचं होतं.

वाटलं, आई तरी याचे कान उपटेल. वळून बघितलं तर आई त्या नटीच्या गालावरून हात फिरवत होती.

त्यानंतर आई एकही प्रयोग चुकवेना. दादा गाडी पाठवायचा. प्रयोग संपला की तिला स्टेजवर नेऊन उभं करायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. घरी आली की आई दार सताड उघडायची, समोर खुर्ची टाकून बसायची.

"आई, दार लाव ना. डास येतात."

"ती म्हणाली ना, उघडं ठेव."

"ते नाटकात म्हणाली, आई!"

"फोनवर म्हणाली. मी ऐकलंय."

माझ्याच आईला मी माझी बहीण कशी होती ते पटवून देऊ शकत नव्हते. मला एकच हवं होतं. जगात निदान आईला आणि मला तरी खरी भुंगी आठवावी. बाकी लोकांनी कुणालाही रडावं.

तर तो रविवार.

आईनं दार उघडून ठेवलं होतं. मी भाजी निवडत होते. दार... हललं.

धाडकन लागलं. आणि वरची कडी सरकली.

"वारा गं," आई म्हणाली आणि उठून उघडलं.

वारा दार ढकलेल. कडी कशी घालेल?

पुन्हा धाडकन. पुन्हा कडी.

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगू? मला हसू फुटलं. हातातली भाजी तशीच राहिली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अशी दार आपटणारी या घरात एकच होती.

मग ते रोज सुरू झालं. आई उघडायची, ते लागायचं. आई चिडायची. ऑफिसातून येताना मला घरी यायची घाई असायची, कितीतरी महिन्यांनी.

एका संध्याकाळी आई प्रयोगाहून आली. खुशीत होती. दार उघडलं, खुर्ची टाकली. मी तिच्या मागे उभी होते.

दार हललं नाही.

शेजारचा टीव्ही मध्येच गप्प झाला... जिन्यातला दिवा मंद झाला...

आणि उंबऱ्यापाशी, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी म्हणालं,

"च्च! घर आहे की धर्मशाळा?"

जरा घोगरा आवाज. नाकात बोललेला. वैतागलेला. माझी भुंगी!

समोर कुणीच नव्हतं. मी आईचा खांदा धरला.

आई कपाळाला आठ्या घालून रिकाम्या दाराकडे बघत होती.

"कोण गं तू?"

मग... "आई. मी."

"माझी पोर असं नाही बोलत."

"आई, भुंगी आहे ती!" मी ओरडले. "नीट ऐक! तिचाच आवाज आहे!"

"मला शिकवू नकोस. माझी भुंगी गुणगुणते. दार उघडं ठेव म्हणाली ती मला. ही कोण भांडकुदळ बाई आलीय?" आई उठून उभी राहिली. बोट दाखवून म्हणाली, "चल, बाहेर हो. माझ्या पोरीची यायची वेळ झालीय."



दार आपटलं नाही. कडी वाजली नाही.

फक्त पावलं... उंबऱ्यापासून जिन्याकडे. एकेक पायरी खाली. हळू. इतक्या हळू भुंगी जन्मात चालली नव्हती.

मी धावले. जिना रिकामा. कठड्याला हात लावला आणि चटका बसला. "भुंगे, थांब! मी आहे ना! मी ओळखते तुला!" पावलं खालच्या मजल्यावर एकदा थांबली. मग पुढे गेली. खालचं फाटक वाजलं आणि शेजारचा टीव्ही परत सुरू झाला.

त्या दिवसापासून आमचं दार एकदाही आपोआप लागलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. आईनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"काय ऐकतोय मी हे! अंगावर काटा आला माझ्या. नाटकाचा शेवटच बदलतोय. ती परत येते."

"दादा, आईनं तिला हाकलून दिलं. ते दाखवणार आहेस का?"

"वेडी आहेस का? लोकांना असं घरी पाठवता येतं होय? आई तिला ओळखते, मिठी मारते. पडदा."

मी फोन आपटला.

नव्या शेवटाचा पहिला प्रयोग झाला. मी गेले नाही. जिन्यात बसून राहिले, फाटकाकडे बघत. कुणी आलं नाही. गाडी आली, आई उतरली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा निवलेला दिसत होता. माझ्याजवळ पायरीवर टेकली आणि तिनं माझा हात हातात घेतला.

"भुंगी आली होती ना गं आपल्याकडे," ती म्हणाली. "मी लगेच ओळखलं तिला. किती घट्ट धरलं होतं मी, आठवतं ना तुला?"

तिच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती वर गेली. मला अजून उठवत नव्हतं.