आतून घामेजलेला गोळा

घड्याळाचा पट्टा सैल होत होता, म्हणून म्हातारी दुपारीच जाऊन त्याला एक जादा भोक पाडून घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "आजोबा वाळले की काय?"

"हाडं आहेत तेवढीच आहेत. वरचं मांस तेवढं सुट्टीवर गेलंय," ती म्हणाली.

लेकीने पाठवलेलं ते घड्याळ वेळ सांगायला नव्हतंच. म्हाताऱ्याच्या मनगटाला रात्री बांधायचं, की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा त्याच्यावर उमटायचा आणि रात्रभराची रेघ परगावी लेकीच्या फोनवर जायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पंधरा रात्रींची नोंद ठेवा. आकडा फारच घसरायला लागला तर सरळ दाखल करा. आणि म्हाताऱ्याचं एकच पालुपद, "दवाखान्यात उभा जाईन, पण बाहेर आडवाच येईन. मी नाही जायचा."

चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात फुंकणी तोंडाला लावून त्याने बाटल्या फुंकल्या, दिव्याच्या चिमण्या फुंकल्या. छातीचा भाता त्यातच फाटला. म्हातारी त्याच कारखान्यात माल बांधायला होती. अक्षराशी तिचं कधी जमलं नाही, पण आकडा चुकेल तर शपथ.

चौथ्या सकाळी लेकीचा फोन आला होता.

"आई, बाबा रात्री दोन चाळीसला काय करतात गं?"

"घोरतात. दुसरं काय करणार या वयात?"

"थट्टा नको. रोज त्याच वेळी आकडा बहात्तरवर येतो. नऊ मिनिटं खाली राहतो, मग आपोआप वर. डॉक्टर म्हणतात, पट्टा सैल असेल."

आज पट्टा घट्ट होता. म्हातारीने खुर्ची पलंगाला लावली, कोपऱ्यातला बारीक दिवा ठेवला आणि जागत बसली. पंचाण्णव. चौऱ्याण्णव. म्हातारा संथ घोरत होता. खिडकी बंद, तरी खोलीत गारठा उतरत होता, विझलेल्या भट्टीजवळ उतरतो तसा.

दोन चाळीस झाले. घोरणं थांबलं नाही, छाती वरखाली होतच होती, आणि तरी आकडा उतरायला लागला. अठ्ठ्याऐंशी. एक्याऐंशी. चौऱ्याहत्तर...

"अहो... अहो, ऐकलंत का... उठा ना..."

तिने गदागदा हलवलं. म्हातारा उठेना. ओठ जांभळे पडलेले. फोनकडे धावावं म्हणून ती वळली, आणि समोरच्या फळीवर नजर पडली.

फळीवर काचेचा गोळा होता. कारखान्याची रीतच होती ती. फुंकणारा कामातून सुटला, की शेवटच्या दिवशी एक गोळा फुंकायचा, गरम असतानाच तोंड बंद करायचं आणि घरी न्यायचा. 'उरलेला दम घरात राहू दे,' म्हणायचे. सहा वर्षं तो तिथे होता, पाण्यासारखा स्वच्छ.

आता तो आतून घामेजत होता. कुणीतरी आत तोंड लावून हा... हा... करावं तशी वाफ काचेवर चढत होती. गोळा पांढरा झाला तेव्हा आकडा अडुसष्टवर होता. मग वाफ ओसरू लागली आणि आकडा चढू लागला. नऊ मिनिटांनी काच कोरडी, आकडा चौऱ्याण्णव.

दुसऱ्या रात्री तेच. फक्त आकडा साठपर्यंत गेला.

लेकीचा फोन आला तेव्हा 'पट्टा अजून सैलच आहे' म्हणून म्हातारीने वेळ मारून नेली, गोळ्याचं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? लेक म्हणाली असती, आई, तू झोपत जा. पण माल बांधणाऱ्या बायकांना एक नियम पहिल्या दिवशीच शिकवत : आतून घामेजलेला नग ठेवायचा नाही, फोडायचा. तिच्या हातून असे हजारो फुटले होते. आणि हा तर त्याचाच दम. काचेत अडकलाय, रात्री उरलेल्यालाही ओढून घेतोय. ज्याचा त्याला दिला, की फिटलं.

तिसऱ्या रात्री गोळा पांढरा व्हायला लागला तसा तिने तो फडक्यात गुंडाळला, म्हाताऱ्याच्या उशाशी धरला आणि बत्त्याचा एक घाव घातला.

आवाज फुटल्याचा झालाच नाही. सुस्कारा आला. लांब, ऊबदार. तिच्या गालावरून गेला. त्याला लवंगेचा वास होता.

घड्याळावर आकडा सरसर चढला आणि नव्व्याण्णववर थांबला.

सकाळी म्हातारा तिच्याआधी उठला. दोनदा चहा प्यायला, न थांबता गच्चीचा जिना चढून आला. "अगं, छाती कशी हलकी झालीय! पोरगा झालो बघ मी." मग त्याचं लक्ष फळीकडे गेलं. "गोळा कुठंय?"

"फोडला. घामेजला होता. तुमचा दम तुम्हाला परत दिला."

म्हाताऱ्याने रिकाम्या फळीवरून हात फिरवला.

"माझा नव्हता तो," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी मला खोकल्याची उबळ आली. श्वासच भरेना. मुकादमाने माझ्या हातातून फुंकणी घेतली... म्हणाला, कुणाला बोलू नकोस, तुझी अब्रू राहू दे. त्यानेच फुंकला, त्यानेच बंद केला. आणि त्याच रात्री झोपेत गेला बिचारा."

मुकादमाच्या गालात सदा लवंग असायची. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात लवंग तोंडात धरली नव्हती. म्हातारीने उठून खिडक्या सताड उघडल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. "आई, दोन चाळीसनंतर रेघ एकदम सरळ! आज तरी निवांत झोप बाई."

ती झोपायला म्हणूनच आडवी झाली, भिंतीला पाठ लावून, म्हाताऱ्याकडे तोंड करून. घोरणं नव्हतं. इतकी वर्षं ज्या आवाजाला तिने शिव्या घातल्या, तो नव्हता. दोन चाळीस झाले. नव्व्याण्णव. आकडा हलला नाही.

छातीही हलत नव्हती.

तिने त्याच्या नाकापाशी तळहात धरला. काहीच नाही. त्याचा हात मात्र ऊबदार होता, नाडी ठणठणीत. "अहो..." तिने त्याचा खांदा हलवला.

तेवढ्यात लवंगेचा वास आला, आणि श्वास ऐकू आला. सावकाश भरलेला, खोल, फुंकणी ओठांना लावण्याआधी भरतात तसा. म्हाताऱ्याच्या बाजूने नव्हता तो. तिच्या पाठीमागून आला होता, जिथे तिची पाठ आणि भिंत यांत बोटभरही जागा नव्हती.