पाटी म्हणते, सगळे आत!

"तो ट्रे बर्फावरून घसरायलाच जन्माला आलाय! त्यात पाव भाजणं म्हणजे शुद्ध अन्याय!" ब्रूनो कुजबुजला.

"अन्सेल्मोकाकांनी पकडलं ना, तर त्याच ट्रेवर तुला भाजतील," त्याची धाकटी बहीण मालेना म्हणाली. "आणि चव घेऊन म्हणतील, मीठ कमी आहे."

अंटार्क्टिकातल्या तळावर, भोजनगृहाच्या दाराआड तिघं दबा धरून बसली होती. तिसरी अयेलेन. एरवी असल्या उचापतींत तीच पुढे असायची, पण आज नुसतीच आली होती. बोलावलं म्हणून आली. ट्रे मिळाला काय नि न मिळाला काय, तिला सारखंच होतं.

मार्चपासून हे असंच चाललं होतं. शेवटच्या विमानानं तिच्या आईला ऑपरेशनसाठी समुद्रापलीकडच्या शहरात, रिओ गाशेगोसला नेलं आणि मागोमाग समुद्र गोठला. आई बरी झाली, रेडिओवर बोलायचीही. पण ऑक्टोबरपर्यंत इकडे यायला ना विमान ना जहाज. अयेलेन तेव्हा रडली नाही. पुढेही रडली नाही. बर्फात फार वेळ उभं राहिलं की पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं होतं, तसं तिचं आतून झालं होतं. घरी ती आणि बाबा, दोघंच.

आज जुलैची एकोणतीस तारीख. त्यांच्या देशाची रीतच होती, दर महिन्याच्या एकोणतीसला न्योकी खायचे म्हणजे खायचेच, मग ते ब्युनोस आयर्स असो की अंटार्क्टिका! आत स्वयंपाकी अन्सेल्मोकाका न्योकीसाठी बटाट्याचे गोळे वळत मोठ्यानं गात होते.

"ए, ही गंमत बघा!" मालेना एकदम म्हणाली.

ती दाराजवळच्या पाटीकडे बघत होती. पाटीवर दोन बाजू, 'आत' आणि 'बाहेर'. तळावरच्या प्रत्येकाचा पत्र्याचा एक बिल्ला. तळाची हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांच्या रांगेपलीकडे जाताना आपला बिल्ला 'बाहेर'च्या खिळ्यावर लावायचा, परतलं की 'आत'. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हे इथं पोरांना चालता येण्याआधी शिकवतात.

"सगळे आत आहेत. त्यात काय गंमत?" ब्रूनो म्हणाला.

"अरे बैला, कसे आहेत ते बघ ना! आधी मेजरसाहेब, मग डॉक्टरीणबाई, मग हुद्द्याप्रमाणे सगळे, शेवटी आपण पोरं. एरवी जो येतो तो मिळेल त्या खिळ्यावर अडकवतो. आज अशी कवायत कुणी करून ठेवली?"

अयेलेनची नजर सहज खालच्या बुटांच्या फळीवर गेली. झेंड्यांपलीकडे जातानाच घालायचे बाबांचे मोठे बूट तिथे नव्हते. "बाबा झोपलेत घरी," ती म्हणाली. रात्रभर हवामानाच्या नोंदी घेऊन ते दुपारपर्यंत झोपायचे, म्हणून ती सकाळी आवाज न करता ब्रूनोकडे गेली होती. "पण मग बूट?"

तिघं घराकडे पळाली. वारा असा की एकमेकांचे पट्टे धरावे लागले. घरात अंथरूण घडी घातलेलं, जाड कोट गायब, आणि खिळ्याला टांगलेली मनोऱ्याची वहीही गायब. हिमनदीच्या कडेला वारा मोजायचा एक मनोरा होता, झेंड्यांच्या पार पलीकडे.

"अयेलेन, तू घाबरू नकोस हं," मालेना म्हणाली.

"मी नाही घाबरले," अयेलेन म्हणाली. ते खरंच होतं. बाबा या वाऱ्यात एकटे बाहेर आहेत, हे तिला लख्ख कळत होतं, आणि काहीही वाटत नव्हतं. आपल्याला झालंय तरी काय, एवढंच तिच्या मनात आलं. घड्याळात एक वाजत आला होता. तीनला अंधार.

तिघं परत भोजनगृहात धावली. "काका, माझे बाबा बाहेर आहेत!"

अन्सेल्मोकाकांनी वर बघितलंसुद्धा नाही. "एवारिस्तो? छे! पाटीवर आत आहे म्हणजे आत आहे. पाटी कधी खोटं बोलत नाही, पोरी."

"पण ते बिल्ले ओळीत कुणी लावले?" मालेनानं विचारलं.

"मी! दहाला वाऱ्यानं दार उघडलं आणि सगळे बिल्ले जमिनीवर! गोळा केले, पुसले, सगळे 'आत' लावले. आभार मानायचे सोडून चौकशा करतायत! असल्या हवेत बाहेर जायला कोण वेडं झालंय?"

"वारा नंतर सुटला, काका! उजाडलं तेव्हा हवा छान होती!" ब्रूनो म्हणाला.

"मग झोपला असेल रेडिओखोलीत नाहीतर गोदामात. चला, फुटा इथून! न्योकी चिकटतील माझे!"

मग तिघं तळाच्या प्रमुखांकडे धावली. मेजर इबार्रा मुख्य कार्यालयाशी रेडिओवर बोलत होते. दारावरचा शिपाई जागचा हलेना. "एक तास कुणालाही सोडायचं नाही, असा हुकूम आहे. आग लागली तरच."

ब्रूनोनं अयेलेनकडे बघितलं. अयेलेननं भिंतीवरच्या लाल घंटेकडे. आगीची घंटा वाजली की मेजरसाहेबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांनी तीन मिनिटांत पाटीपुढे यायचं आणि आपापला बिल्ला हातात घ्यायचा.

"खोटी घंटा वाजवली तर महिनाभर घराबाहेर पाऊल नाही," ब्रूनो म्हणाला.

"मी वाजवते. तुम्ही लांब उभे राहा."

"वा गं वा! शहाणीच आहेस!" ब्रूनो म्हणाला, आणि दोरीला एकदम तीन जोड्या हात पडले.

ठण ठण ठण! तळ नुसता हादरला! कोणी एका पायात मोजा घालून आलं, कोणी तोंडाला साबण लावून. अन्सेल्मोकाका झारा हातात घेऊनच धावले. एकेक हात पुढे झाला, एकेक बिल्ला निघाला. पाटी रिकामी होत गेली. 'आत'च्या बाजूला एकच बिल्ला उरला.

"एवारिस्तो कुठाय?" मेजरसाहेब गरजले.

अन्सेल्मोकाकांच्या हातातला झारा गळून पडला.

"मनोऱ्याची वही नेलीय त्यांनी," अयेलेन म्हणाली. तिचा आवाज धडा वाचावा तसा सपाट होता. "बूट नाहीत, कोट नाही. बिल्ले दहाला पडले. म्हणजे ते त्याआधीच गेलेत."

दहा मिनिटांत साखळ्यांची बर्फगाडी निघाली. पुढचा तासभर अयेलेन खिडकीशी बसून होती. मालेनानं तिचा हात धरला होता, पण तो धरलेलाही तिला कळत नव्हता.

शेवटच्या झेंड्यापासून चारशे पावलांवर बाबा सापडले. घोटा मोडलेला, थंडीनं रेडिओची बॅटरी मेलेली. बर्फात खळगा खणून आत बसले होते. अंधार पडला असता तर गाडी शेजारून निघून गेली असती, असं मेजरसाहेब नंतर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात कोमट पाण्यात घातले, आणि थोड्या वेळानं बाबा किंचाळले, "आई गं!"

"ओरडा, अजून ओरडा!" बाई खुशीत म्हणाल्या. "दुखतंय ना? मग बोटं वाचली!"

संध्याकाळी मेजरसाहेबांनी तिघांना सगळ्यांसमोर उभं केलं. "आग नसताना घंटा वाजवणं हा गुन्हा आहे," ते करड्या आवाजात म्हणाले. ब्रूनो मालेनाच्या मागे सरकला. "पण आजची घंटा खोटी नव्हती. खोटी होती ती पाटी, आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबलेलो आम्ही मोठे. त्यात मीही आलो. शाब्बास, पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! अन्सेल्मोकाकांनी डोळे पुसत तो पावाचा ट्रे आणून ब्रूनोच्या हातात ठेवला. "घ्या, घसरा! मला कसला पाव भाजायचा अधिकार!"

अयेलेन दवाखान्यात गेली. बाबांच्या दोन्ही हातांना जाडजूड पट्ट्या होत्या, म्हणून तीच त्यांना न्योकी भरवायला बसली.

"फार घाबरलीस का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही. काहीच वाटत नव्हतं, बाबा. काही म्हणजे काहीच नाही."

"आणि आता?"

अयेलेननं काटा उचलला. तो मध्येच तिरका झाला. न्योकी चादरीवर पडला.

"आता वाटतंय," ती म्हणाली. "आता खूप भीती वाटतेय, बाबा!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली. बाबांना तिचे डोळे पुसता येईनात, तेव्हा ते नुसतेच म्हणत राहिले, "रड बाळा, रड. मी आहे इथे."