उजवं चाक

मेहकरच्या मोटारस्टँडामागे उत्तमराव मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्या गॅरेजच्या दारात कोकिळेने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा उडालेली धूळ थेट उत्तमरावाच्या चहात गेली. गेली तर जाऊ दे! तिला त्याची मुळीच कीव आली नाही.

"मिस्तरी, काय बदललं तुमी? गाडी पहिल्यापेक्षा जास्त रडून राह्यली!"

तिचा राग उगाच नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी उंद्रीच्या रस्त्यावर यानेच सायकलवरून हात करून तिला थांबवलं होतं. ओळख ना पाळख, आणि म्हणे, "बाई, मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं." नुसत्या आवाजावरून! तिला कौतुक वाटलं होतं. खरं सांगायचं तर कौतुकापेक्षा थोडं जास्तच... मग तिने वडिलांची ती जुनी मोटार इथे आणली. त्याने दिवसभर खपून डावं बेअरिंग बदललं, आणि तरी घरघर वाढतच गेली! वडील म्हणाले, "लबाड आहे तो." त्यावरून ती वडिलांशी भांडली होती, आणि आता तेच खरे ठरत होते.

"चार वाजता शेगावले पोचा लागते," ती कडाडली. "पाहुणे मले पाहाले येऊन राह्यले तिथं, बाबा सकाळीच पुढं गेले. वाटेत चाक निघालं तर?"

"पाहाले?" उत्तमरावाची बशी ओठाशीच थांबली.

"हाव. काऊन?"

"काई नाई," म्हणत त्याने जॅक दणकन जमिनीवर आपटला.

त्याने मागची दोन्ही चाकं उचलली. डावं फिरवलं, आवाज नाही. मग उजव्या चाकाच्या मधोमध स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ तिच्याकडे केली. "कान लावा."

ती वाकली. वेणी घसरून त्याच्या ग्रीसच्या हातावर पडली... दोघांनीही ती उचलली नाही. त्याने चाक फिरवलं, आणि कानात जात्यात खडा यावा तशी खरखर झाली.

"म्हणजे चांगलं काढलं अन् खराब ठेवलं!"

"तुमीच म्हणल्या होत्या, आवाज डाव्या बाजूनं येते."

"मी म्हणलं! मिस्तरी तुमी का मी? त्या दिवशी कान कुठं होते तुमचे?"

त्याने चाक उतरवलं, ड्रम काढला, पुलर लावून जुनं बेअरिंग ओढून काढलं. जोडीतलं दुसरं नवं बेअरिंग फळीवर पडूनच होतं. तळहातावर ग्रीस घेऊन तो ते त्यात भरू लागला, सावकाश, हलक्या बोटांनी, पण क्षणभरही न थांबता. कोकिळेचा संताप आणखी चढला. दुसऱ्याला दाखवायला तिला धाडायचं, आणि त्यासाठी हा माणूस इतकं नेटकं काम करत होता!

"एवढी घाई काऊन करता?"

"तुमालेच चारले पोचा लागते ना?" तोही भडकला.

"मले जायची हौस हाये, असं कोणी सांगतलं तुमाले?"

त्याची बोटं थांबली.

"कोकिळाबाई... त्या दिवशी मी चाक ऐकूनच नाई राह्यलो. तुमी बाजूले उभ्या होत्या. तुमी डावं म्हणल्या — मी डावं खोललं. दहा वर्षांत अशी चूक नाई झाली माह्याकडून."

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

"पंधरा दिवस मी आवाज ऐकून राह्यली, अन् तुमी हे आज सांगता? पाहुण्यांपुढं निघाली तवा?"

त्याने मान खाली घालून नट आवळला, चाक बसवलं. "शंभर मैल झाले का हा नट एकदा पाहा लागते," तो पुटपुटला.

"शेगावले जाऊन आलं का होतेत तेवढे." ती स्टिअरिंगवर बसली. "होकार-नकार माह्याच तोंडून जाईल, असा बाबानं शब्द देल्ला हाये. मी नाई म्हणून येते. उद्या सकाळी नट पाहाले बाबाले घेऊन येईन. चूक काऊन झाली, ते त्याईच्यापुढं सांगा."

"त्याईच्यापुढं?"

"हाव! अन् धुतलेला सदरा घाला."

गाडी निघाली. मागून कसलाच आवाज नव्हता. वळणावर तिने आरशात पाहिलं. उत्तमराव रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो धुळीचा, गार झालेला चहा पीत होता, अगदी चवीने.

"येडा!" ती रागानेच म्हणाली. पण त्यानंतर शेगावपर्यंत तिला राग काही धरता आला नाही.