प्लायवूडपलीकडचं उत्तर

“दोन तारांच्या मधी बसून ही बाई दिवसभर करती तरी काय? पंखा मात्र फुल लागतोय!”

माझ्या खुर्चीखाली झाडू घालत चांगुणाबाई पुटपुटत होत्या. मला ऐकू जावं, एवढ्याच हळू.

आता पुढचं ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मी तिथं होते. १९९८ चा एप्रिल. मिरजगावच्या अलीकडं, हायवेवरचा एक खासगी दवाखाना. नाव सांगत नाही.

आणि रात्र नव्हती बरं का. भर दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

दवाखान्यात लॅबचे दोन कॉम्प्युटर, वॉर्डाकडचे चार. मध्ये माझा एक डबा. दोन्हीकडच्या तारा त्यात यायच्या. लॅबचा रिपोर्ट वॉर्डात जाऊ द्यायचा, पण वॉर्डाकडून लॅबमध्ये काही शिरू द्यायचं नाही. म्हणजे तपासलेला रिपोर्ट बाहेरून कुणी बदलू शकणार नाही. हे नियम मीच लिहिले होते. झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून, घरी शेंगा फोडता फोडता शिकून. काम वॉचमनचंच, फक्त शिट्टी नाही.

लॅबमध्ये रूथ होती. माझी मैत्रीण. आमच्या मध्ये प्लायवूडची भिंत.

कधी वॉर्डाकडून लॅबकडची उलटी वाट उघडावीच लागली, तर मी आधी भिंतीवर दोनदा वाजवायचे. रूथ हातातलं काम मिटवून तिकडून दोनदा वाजवायची.

मगच उघडायचं. आमचा नियम.

फेब्रुवारीत एका दुपारी कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख अँड्र्यू सर आले.

“शुभांगी, एका पेशंटचं नाव चुकलंय. पाच मिनिटं वाट उघड, मी वॉर्डातून दुरुस्त करतो.”

“रूथ जेवायला गेलीय, सर. येऊ द्या तिला.”

“अगं, मी आहे ना!”

मी उघडली.

सरांनी घाईत भलत्याच पेशंटचं नाव टाकलं. वाढलेल्या साखरेचा रिपोर्ट गोरक्ष नावाच्या माणसावर गेला. त्याला इन्सुलिन दिलं. त्याची साखर तर आधीच उतरलेली.

वाचला तो. पण शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःच्या पोरीचं नाव आठवेना.

चौकशी बसली. आदल्या दिवशी सर मला म्हणाले, “डब्यातली वाट उघडल्याची नोंद पुसून टाक आणि गप्प राहा. रूथला मी सांभाळून घेतो.”

मी पुसली.

“त्या दिवशी वाट उघडली होती का?” असं मला विचारलं, तेव्हा रूथ समोरच बसली होती.

मी म्हटलं, “नाही.”

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली...

वाट उघडलीच नाही, म्हणजे चूक लॅबमध्येच झाली, असं ठरवून तिला काढलं. सर कसले सांभाळतायत! महिन्याभरात पुण्याला मोठी नोकरी धरून मोकळे झाले. जाताना मला भेटलेसुद्धा नाहीत.

मार्चअखेर रूथ कावीळ होऊन गेली.

एप्रिलमध्ये सुरू झालं.

रूथच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं, म्हणून लॅबला कुलूप होतं. किल्ली माझ्या टेबलावर. पलीकडची तार मीच काढून गुंडाळून ठेवलेली.

दोन वाजून दहा मिनिटं...

टक. टक.

भिंतीपलीकडून.

मी हलले नाही. मग लक्षात आलं, ते बोलावणं नव्हतंच.

उत्तर होतं.

पण मी तर विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. टक. टक. या वेळी डब्यावरचा लॅबच्या बाजूचा हिरवा दिवाही लुकलुकला. तार नसताना.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली...

फेब्रुवारीची तारीख. दोन दहा. वाट उघडली.

मी पुसलेली ओळ.

परत पुसली. जेवणाचा डबा उघडून बसले. मान वर केली, तर ओळ जागेवर.

आजही कुणी दार वाजवलं, की मी उठायच्या आधी मोजते. दोनच टकटकी असल्या, तर उठत नाही.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम चांगुणाबाईंना फरशी पुसायला थांबवून घेतलं. म्हटलं, सोबत तरी होईल.

दोन दहा...

टक. टक.

फडकं जागच्या जागी थांबलं.

“ऐकलंत?” मी विचारलं.

“रोजच ऐकती.”

“उंदीर असतील.”

“उंदराला घड्याळ कळतंय व्हय?”

माझा बांध फुटला. “सरांनी फसवलं हो मला, चांगुणाबाई! माझ्या हातून करून घेतलं आणि निघून गेले. रूथलाही त्यांनीच घालवलं.”

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. माझ्याकडं बघितलं नाही.

“सायेब मागनं, बाई. आदी तुमी. त्या दिवशी मी हितंच पुसत हुते. तुमी भित वाजवली न्हाई. आन् चवकशीत मी च्या घिऊन आले, तवा ती तुमच्याच तोंडाकडं बघत हुती, सायबाच्या न्हाई. रूथताईला तुमी घालवलं... आन् मी समदं ठावं असून गप बसले.”