उलटा प्रोग्राम

वहिनीचा फोन आला तेव्हा सुजाता कॉलेजात पेपर तपासत होती.

"ताई, तुमच्या दादाचा कॉम्प्युटर बंद करून द्या ना. तीन आठवडे झाले, चालूच आहे. मले हात लावाची हिंमत होऊन नाही राहिली."

दुपारी ती मरोद्याला दादाच्या घरी पोचली. आतल्या खोलीत दादा, नागसेन, भिंतीकडे तोंड करून बसला होता. "थांबेल... नाही थांबणार... थांबेल..." झोपेतही त्याचं हेच चालायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

सुजाताचं मन तिला खात होतं. हथखोजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दादाने एक प्रोग्राम लिहिला होता. दुसरा कुठलाही प्रोग्राम थांबेल की कायम फिरत राहील, ते तो म्हणे आधीच सांगायचा.

"असा प्रोग्राम बनूच शकत नाही, दादा," ती हसली होती. "एक उलटा प्रोग्राम लिहून पाय. तो तुह्या प्रोग्रामले सोताबद्दलच विचारन. तुह्या प्रोग्रामनं 'थांबेल' म्हटलं का तो फिरत राहीन, 'नाही थांबणार' म्हटलं का थांबून जाईन. काहीही सांग, खोटाच पडशीन."

दादाने तो उलटा प्रोग्राम खरंच लिहिला होता. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेच दोन शब्द आळीपाळीने उमटत होते. खोली तापली होती. जळक्या धुळीचा वास येत होता. आतून आवाज येई अन् पडद्यावर तोच शब्द. सुजाता ऐकत राहिली, अन् तिच्या अंगावर काटा आला. आधी दादा बोलत होता. पडदा मागाहून लिहीत होता.

"बंद करा," करिष्मावहिनी कुजबुजली.

"अन्... दादाही थांबला तर? कोण सांगन आधी?"

वहिनीने आतल्या खोलीकडे पाहिलं. "असं तरी किती दिवस, ताई..."

सुजाताने प्रोग्राम तोडला. आतला आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. दोघी धावल्या. नागसेन वळून त्यांच्याकडे पाहत होता.

"भूक लागली," तो म्हणाला.

आठवड्याभरात तो कामावर जाऊ लागला. त्याला काहीच आठवत नव्हतं. आईने विहारात खीर वाटली. सुजाताला पुन्हा झोप येऊ लागली.

महिन्याभराने वहिनी कॉलेजात आली. बाकावर बसून पदराशी चाळा करत राहिली.

"तुम्ही आल्या होत्या ना, त्या सकाळी मी त्याईची दाढी करून देली होती," ती हळूच म्हणाली. "तवापासून... वाढलीच नाही."

सुजाताने तिच्याकडे वळून पाहिलं.

"नखंही नाही, ताई."