पितळेची शेंबी

गन कॅरेज फॅक्टरीच्या तपासणी खोलीत माझं काम सोपं होतं. धातूचा तुकडा यंत्राखाली ठेवायचा, त्यावर पोलादी गोळी दाबायची आणि पडलेला खड्डा भिंगातून मोजायचा. खड्डा लहान तर धातू कठीण, मोठा तर मऊ. युद्ध सुरू झाल्यावर दिवसाच्या जोडीला संध्याकाळीही हेच. मी घरी ताटातली भाकरीसुद्धा बोटाने दाबून बघतो अशी माझी बायको पुष्पा चेष्टा करायची. करू दे. ज्या गोष्टीचा खड्डा मोजता येत नाही तिच्याबद्दल मी सहसा बोलत नाही, आणि पुढचं सगळं सांगायला मला इतकी वर्षं लागली ती त्यामुळेच.

माझा धाकटा भाऊ मुरलीधर माझ्या अगदी उलट. तो रेल्वेत सिग्नल फिटर होता. ड्यूटी संपली की स्वारी घरी न येता थेट रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, रेल्वेवाल्यांच्या क्लबात, स्नूकर खेळायला. हा खेळ जबलपूरच्याच फौजी मेसमध्ये जन्मला असं आमच्याकडे सगळे छाती फुगवून सांगतात; त्या मेसच्या दारात आम्हाला कुणी उभं केलं नसतं, ही गोष्ट वेगळी. इन्स्टिट्यूटच्या टेबलाच्या कापडाला ठिगळं होती आणि खिडकीकडच्या कोपऱ्याकडे चेंडू आपणहून ओढले जायचे. मुरलीचा क्यू, चेंडू मारायची काठी, मात्र राजेशाही होता. विलायतेला परत चाललेल्या एका गार्डाने त्याला तो दिला होता. त्याच्या टोकाला, चामड्याच्या टिकलीखाली, हस्तिदंताची शेंबी होती.

छत्रीच्या टोकाला असते तशीच ही शेंबी. लाकूड फुटू नये एवढंच तिचं काम, असं मी धरून चाललो होतो. मुरलीने मला वेड्यात काढलं.

"दादा, चेंडूला काय झालं ते हाताला हीच सांगते. पितळ लावली तर ओरडून सांगते, टण्ण करून, अन् हाताला झिणझिण्या. टोक जड होते, बाजूने मारलं की चेंडू भलतीकडे जाते. हस्तिदंत कानात सांगितल्यासारखं सांगते. ऐक."

त्याने मारलं. ठक्. मऊ, बुटका आवाज, कुणी दुसऱ्या खोलीत पाट ठेवावा तसा.

मग तो मला शिकवायला लागला. मी वाकलो की माझं कोपर खाली पडायचं. तो मागे उभा राहून दोन बोटं कोपराखाली लावायचा, हलकी, नुसती टेकवलेली, आणि म्हणायचा, "पाडू नको." मी काही शिकलो नाही. पण ती बोटं मला आवडायची. आई-वडील गेल्यावर मीच त्याला वाढवला होता, आणि आता तो मला काही शिकवतोय याचं मला फार सुख वाटायचं.

तो सैन्याच्या रेल्वे तुकडीबरोबर मलायाला गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असं आलं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

त्याची बायको हेमलता आमच्याचकडे होती. रडली नाही, कुंकू पुसलं नाही. दर शनिवारी कोनाड्यातला क्यू काढायची आणि जवसाच्या तेलाच्या बोळ्याने टोकापर्यंत पुसायची. मे महिन्यातल्या आमच्या वाळक्या उन्हाने लाकूड आक्रसलं आणि एका शनिवारी हस्तिदंताची शेंबी तडकून दोन तुकडे होऊन तिच्या हातात आली.

"दादा, हे नीट करून द्या," ती म्हणाली. "ते आले की आधी हाच मागतील."

युद्धात हस्तिदंत कुठून आणणार? पितळसुद्धा तेव्हा युद्धावर गेली होती. शेवटी हेमलतानेच न्हाणीघरातल्या बंबाची तुटकी तोटी काढून दिली. गोहलपूरच्या एका खरादवाल्याने लेथवर तिची शेंबी कातून दिली, आणि इन्स्टिट्यूटचा मार्कर, म्हणजे खेळाचे गुण मोजणारा, बापू याने सरस लावून ती बसवली. बापू म्हातारा होता, भोसल्यांच्या चाकरीत आलेल्या कुठल्याशा घराण्याचा, आणि खेळ संपला की प्रत्येकाला त्याच्या चुका मोजून दाखवायचा. त्यामुळे त्याच्यावर माझा लोभ होता.

पुढच्या शनिवारी हेमलता क्यू पुसता पुसता थांबली.

"दादा, पितळच बसवली ना?"

"बंबाची तोटी तूच तर दिलीस."

"मग वाजत काहून नाही?"

तिने बांगडीने शेंबीवर टिचकी मारली. ठक्.

मी हसलो. सरस जास्त लागला असेल, म्हणालो. संध्याकाळी क्यू घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये गेलो आणि बऱ्याच दिवसांनी टेबलावर वाकलो. ठक्. हाताला झिणझिणी नाही, टोकाला जडपणा नाही. बाजूने मारलेला चेंडूही सांगितल्या जागी गेला.

माझ्यासारख्या माणसाने अशा वेळी जे करायचं ते मी केलं. शेंबी काढली, सरस खरवडला, ती इन्स्टिट्यूटच्या एका क्यूवर बसवली. टण्ण! बापूने कानावर हात ठेवले. पुन्हा मुरलीच्या क्यूवर बसवली. ठक्. तोटीचा उरलेला तुकडा तपासणी खोलीत दाबून पाहिला, साधी बाजारी पितळ होती. म्हशीच्या शिंगाची शेंबी करवून घेतली, मग जाड पुठ्ठ्यासारख्या फायबरची. फायबर म्हणजे मेलेलं काम, त्यातून हाताला काहीच कळत नाही असं बापू म्हणायचा, आणि दुसऱ्या क्यूवर ती तशीच निघाली. मुरलीच्या क्यूवर मात्र काहीही बसवा, हस्तिदंतच बोलायचं. मी पुन्हा पितळ बसवली आणि प्रयोग बंद केले.

बंद केले याचं कारण निराळं होतं. त्या संध्याकाळी एक अवघड लाल चेंडू होता. मी वाकलो. क्यू मागे घेतला. कोपराखाली दोन बोटं लागली.

हलकी, नुसती टेकवलेली.

मागे वळून पाहिलं नाही. चेंडू जाळीत गेला आणि पांढरा हळूच मागे सरकून थांबला, मुरलीचा थांबायचा तसा. बापू खिडकीजवळ बिडी शिलगावत होता. तो म्हणाला, "वा, चिंतामणीजी," आणि बिडी न ओढताच टेबलाजवळ आला.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. शिफ्ट कितीही लांबू दे, जेवण थंड होऊ दे. दिवसातून एकदा, कधी दोनदा, ती बोटं लागायची. थंडीच्या दिवसांत ती थंड असत, पावसाळ्यात ओलसर. कधी फार वेळ लागायचीच नाहीत, आणि मग मी टेबलाभोवती वेड्यासारखा फेऱ्या घालायचो. आयुष्यात मी कशाची एवढी वाट पाहिलेली नाही. पुष्पाला वाटलं मला जुगाराचा नाद लागला. हेमलताला मात्र मी खरं ते सांगून टाकलं. ती तेलाचा बोळा हातात धरून ऐकत राहिली, आणि मग एवढंच म्हणाली, "माझ्या हाताला नाही लागत कधी." मला तिच्यापुढे फार ओशाळवाणं झालं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी तिचा भाऊ श्रीकांत नागपूरहून तिला न्यायला आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भाऊसाहेब, तीन वर्षं झाली. कोणाच्या भरवशावर ठेवून राहिले तुम्ही हिला? तुम्ही तर शिकलेले आहात."

हेमलता दाराआडून माझ्याकडे पाहत होती. माझ्या एका शब्दावर तिचं सगळं अवलंबून होतं, आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं, स्वतःच्या कोपराशिवाय.

"मुरली येतोय," मी म्हणालो. "राहू द्या तिला."

आणि मुरली आला. युद्ध संपलं, कैद्यांच्या छावण्या उघडल्या, आणि हिवाळ्यात एका दुपारी तो जबलपूर स्टेशनवर गाडीतून उतरला. हाडांचा सापळा, केस पिकलेले, पण तोच. भुवईवर लहानपणी पाटाने लागलेली खोक होती. ती मी मुद्दाम पाहिली. पुष्पाने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्याला सगळं आठवत होतं, वडिलांची शिंक, माझं शाळेतलं टोपणनाव, हेमलताने लग्नात नेसलेल्या लुगड्याचा रंग. मी स्टेशनवर सगळ्यांदेखत रडलो. हेमलता हसत होती, आणि ती हसताना किती लहान दिसते हे मी विसरूनच गेलो होतो.

थोडी ताकद आल्यावर तो म्हणाला, "चलो दादा, इन्स्टिट्यूट."

बापूने स्वतः टेबल पुसून ठेवलं. मुरलीने क्यू हातात घेतला, तोलून पाहिला, खडू लावला, वाकला. त्याचं वाकणं मी कुठेही ओळखलं असतं.

टण्ण!

बापूच्या तोंडातली बिडी तशीच राहिली.

मुरली सरळ झाला. तळहात झटकत म्हणाला, "अरे, ही पितळ कोणी बसवली? काय वाजून राहिली! हाताला झिणझिण्या आल्या." त्याने पुन्हा मारलं. टण्ण! बाजूने मारलेला चेंडू भलतीकडे गेला. "जड आहे टोक. तुम्ही इतके दिवस खेळले कसे हिच्यावर?"

मी क्यू त्याच्याकडून घेतला. नुसता पांढरा चेंडू समोर ठेवला आणि मारला.

ठक्.

मुरली कौतुकाने हसला. "बढिया! आवाजच नाही काढला तू. अच्छा शिकला रे दादा. कोणी शिकवलं?"

बापू तोवर बाहेर व्हरांड्यात गेला होता.

मी स्वतःची समजूत घातली. छावणीत राहून हात बिघडतो, माणूस चेंडूवर राग काढतो. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, परत आलेली माणसं जपून सांभाळा. घरी सगळं सुरळीत चाललं होतं. मुरली जेवायचा, झोपायचा, शेजारच्या पोरांना पतंग बांधून द्यायचा. मला त्याच्यावर माया करायची होती आणि मी ती करत होतो. पण त्याच्याशेजारी ओसरीवर बसलो असताना मला त्याची आठवण यायची, जीव कासावीस होईल इतकी.

एका रविवारी दुपारी तो जेवून आडवा झाला. घोरण्याचा आवाज येत होता. मी कोनाड्यातला क्यू काढला आणि एकटाच इन्स्टिट्यूटमध्ये गेलो.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावरची चादर मीच काढली. खिडकीतून ऊन कापडावर आलं होतं.

वाकलो.

बराच वेळ काही नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं की चेंडू दिसेनासा झाला.

मग कोपराखाली हात आला.

दोन बोटं नव्हती. पूर्ण पंजा होता. नुसती हाडं आणि त्यांच्यावर तापलेली कातडी.

टेकवलेला नव्हता. धरलेला होता, सुटू नये म्हणून धरतात तसा, आणि त्या धरण्यात फार घाई होती.

मी क्यू हलवला नाही. "मुरली," म्हणालो. पकड आणखी घट्ट झाली. ऊन कापडावरून सरकून खाली जमिनीवर जाईपर्यंत मी तसाच वाकून उभा राहिलो. सोडून जायचं धैर्य मला झालं नाही. शेवटी पाठ मोडून आली तेव्हा सरळ झालो.

घरी आलो तर पुष्पा शेजारी गेली होती. बाहेरच्या खोलीत मुरली उठून बसला होता आणि वर्तमानपत्र चाळत होता. मी क्यू कोनाड्यात ठेवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. हेमलता स्टोव्हवर चहा ठेवून तांदूळ निवडत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या सदऱ्याच्या बाहीला कोपरापाशी सुरकुत्या पडल्या होत्या, तिकडे मात्र तिची नजर गेली.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "कुठवर आले ते?"

मी पेला खाली ठेवला.

"जवळ आलाय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. बाहेरून मुरलीची हाक आली, "अगं, चहा झाला का?" तिने चहा गाळला, कपबशी पुसली. मग पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला, परक्या माणसासमोर जाताना घेतात तसा, आणि चहा घेऊन बाहेर गेली.